चौथी कोअर : ऑक्टोबर १९६२ मध्ये तेजपूरला घाईनं उभं राहिलेलं एक मुख्यालय

शिवडीकर | रविवार, रात्री १०:४०

दर वर्षी २० ऑक्टोबर जवळ आला की ६२ च्या युद्धाची आठवण निघते आणि आपण एकेका जवानाची गोष्ट सांगतो. सांगायलाच हवी. पण ते जवान ज्या मुख्यालयाच्या हुकमावर लढले, त्या मुख्यालयाची गोष्ट मराठीत फारशी कुणी सांगत नाही. मी सैन्यातला नाही. गोदीत नोकरी केली, येताजाता लोकलमध्ये वाचत राहिलो. दहाएक वर्षं हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

चौथी कोअर हे नाव जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची चौथी कोअर इंफाळला होती, जनरल स्कून्स यांच्या हाताखाली. मार्च १९४४ मध्ये जपानी चिंदविन नदी ओलांडून आले, कोहिमा-इंफाळ रस्ता तुटला आणि २२ जूनला तो पुन्हा उघडेपर्यंत सगळी कोअर विमानातून आलेल्या रसदीवर जगली. त्याच मार्चमध्ये सांगशाक गावाच्या टेकडीवर ५० पॅराशूट ब्रिगेडनं जपान्यांना काही मोलाचे दिवस अडवून धरलं. तिच्या जोडीला आपली मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. पुढच्या वर्षी हीच कोअर मेक्टिला घेऊन रंगूनच्या दिशेनं उतरली. युद्ध संपलं आणि ती मोडली.

आता १९६२. नेफाचा, म्हणजे आजच्या अरुणाचलचा, पश्चिम टोकाचा कोपरा डोळ्यापुढे आणा. वर थागलाची धार, खाली नामका चू. चू म्हणजे नदी, ला म्हणजे खिंड. त्या नदीकाठी आसाम रायफल्सनं जूनमध्ये ढोला चौकी घातली. ८ सप्टेंबरला थागलावरून चिनी खाली उतरले आणि चौकीच्या अंगावर येऊन बसले. त्यांना तिथून हुसकून काढा, असा दिल्लीचा हुकूम निघाला.

तेव्हा ही सगळी सरहद्द ३३ व्या कोअरकडे होती. मुख्यालय शिलाँग, कमांडर लेफ्टनंट जनरल उमराव सिंग. त्यांनी हिशोब मांडला : एवढी माणसं, एवढ्या तोफा, एवढी रसद आधी वर पोचली पाहिजे, त्याशिवाय हे काम होणार नाही, आणि बर्फ पडायच्या आत एवढं सगळं पोचणार नाही. हिशोब बरोबर होता. पण तो ऐकायचा नव्हता. कोअर कमांडरला उघडपणे काढायचं नव्हतं, म्हणून नेफाच त्यांच्याकडून काढून घेतला आणि तेजपूरला नवी कोअर जाहीर केली. ४ ऑक्टोबर १९६२. कमांडर लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल. त्यापूर्वी ते दिल्लीत चीफ ऑफ जनरल स्टाफ होते आणि वरच्या वर्तुळात त्यांचं वजन होतं. लढाईत पलटण चालवण्याचा अनुभव मात्र त्यांच्या गाठीशी नव्हता. मूठभर अधिकारी घेऊन ते विमानानं तेजपूरला उतरले.

मला सांगायचंय ते एवढंच : ही कोअर लढण्यासाठी नीट बांधून काढलेली नव्हती. नको असलेला सल्ला टाळण्यासाठी ती काढलेली होती. तिचं मुख्यालय म्हणजे चार टेबलं आणि काही टेलिफोन. हाताखाली चौथी डिव्हिजन, तीही तुकड्यातुकड्यांत विखुरलेली. सगळ्यात पुढे नामका चूच्या पात्रात ब्रिगेडियर जॉन दळवींची सातवी ब्रिगेड. अंगात सुती कपडे, प्रत्येकाकडे पन्नासेक काडतुसं. विमानातून टाकलेली रसद त्सांगधरच्या उतारावरून घरंगळत दरीत जायची.

१० ऑक्टोबरला त्सेंग जाँगला ९ पंजाब या पलटणीच्या तुकडीची चिन्यांशी चकमक झाली. ती कौल यांनी स्वतः जवळून पाहिली. काय होणार हे त्यांना तिथेच कळलं असावं. दुसऱ्या दिवशी ते दिल्लीला गेले, पण ब्रिगेड नदीतून मागे घ्यायचा निर्णय झाला नाही. परत आल्यावर ते आजारी पडले आणि १८ तारखेला त्यांना दिल्लीला न्यावं लागलं. २० तारखेच्या पहाटे चिनी तोफा सुरू झाल्या तेव्हा कोअर कमांडर दिल्लीत अंथरुणावर होते. सकाळ सरता सरता सातवी ब्रिगेड मोडली होती. एकट्या २ राजपूतचे २८२ जण गेले. दोन दिवसांनी दळवी चिन्यांच्या हाती पडले.

कोअरचं वय त्या दिवशी सोळा दिवस.

पुढचं उद्या लिहितो. कुणाला भर घालायची असेल तर जरूर घाला.

प्रश्नचिन्ह | रविवार, रात्री ११:२५

वाचतोय. एक अगदी प्राथमिक शंका. कोअर, डिव्हिजन, ब्रिगेड हे शब्द बातम्यांत येतात आणि माझ्या डोक्यात सगळे एकच होतात. कुणी उलगडून सांगेल का?

निवृत्त_सिग्नल | सोमवार, सकाळी ६:१०

मी सांगतो. पलटणीत साधारण आठशे माणसं. तीन पलटणींची ब्रिगेड. तीन ब्रिगेडी, त्यांचा तोफखाना, इंजिनिअर, सिग्नल मिळून डिव्हिजन. अशा दोन-तीन डिव्हिजनींवर कोअर, कमांडर लेफ्टनंट जनरल. कोअरच्या वर आर्मी कमांड. ६२ ला ईस्टर्न कमांड लखनौला होती, जनरल सेन यांच्याकडे.

आता सपाट मुलुखात आणि डोंगरात कोअरच्या कामात काय फरक पडतो ते ऐका. डोंगरात ब्रिगेड कमांडरला फक्त समोरची दरी दिसते. शेजारची दरी नकाशावर चार बोटांवर असते, पण पायी तीन-चार दिवसांवर. त्यामुळे राखीव माणसं कुठे ठेवायची, कुठला रस्ता आधी करायचा, पावसाळ्याआधी कुठल्या टप्प्यावर किती धान्य, किती रॉकेल, किती दारूगोळा चढवायचा, हे सगळं कोअरमध्ये ठरतं. गोळी चालते तो दिवस एक. त्याआधीचे दोनशे दिवस कोअरचे.

दुसरं म्हणजे उंची. आज कुठल्याही जवानाला थेट वर पाठवत नाहीत. ९ हजार फुटांच्या वर आधी सहा दिवस, १२ हजारांवर आणखी चार, १५ हजारांवर पुन्हा चार, असे टप्पे आहेत. पहिले दोन दिवस नुसती विश्रांती, मग हळूहळू चालायचं. नाहीतर फुप्फुसात पाणी भरतं आणि धडधाकट माणूस रात्रीत जातो. नामका चूला पाठवलेल्या पलटणींना हे दिवस मिळाले नाहीत. मैदानातून आणलं, ट्रकमधून उतरवलं आणि चालवत वर नेलं.

शिवडीकर, लेख चांगला चाललाय. कौल यांच्याबद्दल अजून थोडं लिहा. त्यांनी केलेल्या चुका खऱ्या, पण ते घरात बसून हुकूम सोडणारे नव्हते.

चाफेकळी | सोमवार, दुपारी २:०५

सुती कपड्यांचं वाचलं आणि थांबले.

आमची आजी गिरगावातल्या चाळीत राहायची. ६२ च्या दिवाळीनंतर चाळीतल्या सगळ्या बायका गॅलरीत बसून जवानांसाठी स्वेटर विणत होत्या, हे ती आम्हाला नेहमी सांगायची. मुंबईत लोकर कोण वापरतं? कित्येकींना सुया धरताच येत नव्हत्या. पहिल्या मजल्यावरच्या एका पंजाबी बाईंनी सगळ्यांना शिकवलं. आजीचा पहिला स्वेटर एका बाहीनं लांब झाला म्हणून तिनं उसवून परत विणला. तिनं हातातली एक पाटलीही संरक्षण निधीला दिली. आजोबांनी विचारलं तर म्हणाली, दुसरी आहे ना.

लहानपणी मला तो उत्साहाचा काळ वाटायचा. आज तुमचा लेख वाचून पहिल्यांदा लक्षात आलं, की आजी सुया हातात घेऊन बसली तोवर त्या नदीकाठची माणसं गेलेली होती.

नकाशावाला | सोमवार, सायंकाळी ७:३०

निवृत्त_सिग्नल यांच्याशी सहमत. कौल यांच्यावर सगळं ढकलून मोकळं होणं मला पटत नाही. पन्नाशीच्या घरातला माणूस, उंचीची सवय नसताना, पायी नामका चूपर्यंत गेला. काही टप्पा तर त्यांना हमालाच्या पाठीवर बसून काढावा लागला आणि आजार तिथेच जडला. १० तारखेची चकमक पाहिल्यावर आपण चुकलो हे त्यांना उमगलं होतं. दिल्लीत जाऊन ते बोललेही. पण त्या बैठकीतून स्पष्ट निर्णय कुणीच घेतला नाही, आणि १२ तारखेला पंतप्रधानांनी विमानतळावर पत्रकारांना सांगून टाकलं की चिन्यांना हटवायला सैन्याला सांगितलंय. त्यानंतर ब्रिगेड मागे घेणं कुणालाच शक्य वाटेना. दोष असलाच तर त्या सगळ्या साखळीचा.

आता सेलाबद्दल, कारण माझ्या मते कोअरची खरी परीक्षा नामका चूला नव्हती. नामका चू हरलेलीच होती. तवांग २४-२५ ऑक्टोबरला सोडल्यावर जवळजवळ तीन आठवडे शांततेचे मिळाले. त्या काळात सेला खिंडीवर ६२ वी ब्रिगेड बसली, ब्रिगेडियर होशियार सिंग. जागा सुमारे १३,७०० फुटांवर आणि उत्तम. मागे दिरांगला डिव्हिजनचं मुख्यालय, त्याच्या मागे बोमडिला. एका दोरीत ओवल्यासारखं सगळं एकाच रस्त्यावर. नकाशा काढून बघा, तो रस्ता कापला की तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून तुटतात. आणि तो कापायची वाट होती. १९१३ मध्ये बेली आणि मॉर्सहेड हे दोन ब्रिटिश अधिकारी तिबेटमधून ज्या पायवाटेनं उतरले, ती बेली ट्रेल. सेलाला वळसा घालून ती थेंबांगजवळ, म्हणजे दिरांग आणि बोमडिलाच्या मधोमध निघते. मोठं सैन्य त्या वाटेनं येणार नाही असं गृहीत धरलं होतं. ते आलं.

शिवडीकर | सोमवार, रात्री १०:५५

नकाशावाला, बरं झालं तुम्ही लिहिलंत. माझ्या लेखात कौल एकटे पडले, ते दुरुस्त करायला हवं होतं. मधल्या काळाबद्दल एक राहिलं. कौल आजारी असताना काही दिवस कोअर हरबक्ष सिंग यांच्याकडे होती. तेच पुढे १९६५ मध्ये पश्चिम आघाडी सांभाळणारे. सेला धरून ठेवायची तयारी त्यांनी सुरू केली आणि महिना संपायच्या आत कौल परत आले. चार आठवड्यांच्या आत नेफाचा कमांडर तिसऱ्यांदा बदलला. चाळीतला नळ दुरुस्त करायला तीन वेळा तीन प्लंबर आले तर काय होतं ते आपण जाणतो. इथे तर सरहद्द होती.

आता १७ नोव्हेंबरची संध्याकाळ. या एका रात्रीसाठीच मी हा धागा काढला असं म्हटलं तरी चालेल.

त्या दिवशी नुरानांगला ४ गढवालनं चिन्यांचे हल्ले परतवले. रायफलमन जसवंत सिंग रावत तिथे पडले. पुढचे जवान अजून लढतायत, आणि मागे रस्ता कापला जाणार हे दिसायला लागलं म्हणून डिव्हिजन कमांडर जनरल पठाणिया फोनवरून सेला सोडायची परवानगी मागतायत. कोअर कमांडर जागेवर नाहीत. ते वालाँगला गेलेत, नेफाच्या दुसऱ्या टोकाला, कारण तिथला मोर्चा आदल्याच दिवशी कोसळलाय. पण तेजपूरच्या खोलीत लष्करप्रमुख थापर आहेत, आर्मी कमांडर सेन आहेत. दोघंही कोअर कमांडरपेक्षा वरचे. दोघांपैकी कुणीही हो म्हणालं नाही, नाही म्हणालं नाही. कौल येऊ देत, असं ठरलं. कौल संध्याकाळी परतले. आधी परवानगी दिली, मग मागे घेतली, आणि शेवटी जो हुकूम गेला त्याचा मथितार्थ असा : शक्य तोवर धरा, अशक्य झालं तर मागे या.

असा हुकूम हातात पडल्यावर खालच्या माणसानं काय करायचं? त्या रात्री सेलावरून ब्रिगेड निघाली. एका पलटणीला मागे हटताना पाहून दुसरी हलली. सकाळी डिव्हिजनचं मुख्यालयही दिरांगहून उठलं. होशियार सिंग मागे येताना मारले गेले. चांगल्या जागी, दारूगोळा असताना, मुख्य हल्ला यायच्या आधी सेला रिकामी झाली. पाठोपाठ बोमडिला गेलं.

त्यानंतर तेजपूर. कोअरचं मुख्यालय गुवाहाटीला हललं आणि शहराचा धीर सुटला. स्टेट बँकेत नोटा जाळल्या, नाणी तळ्यात टाकली. मनोरुग्णालयाची दारं उघडून रुग्णांना सोडून दिलं. ब्रह्मपुत्रेच्या घाटावर पलीकडे जायला माणसांची रीघ. आणि २१ तारखेला चीननं एकतर्फी युद्धविराम जाहीर केला.

सगळ्या आघाड्या मिळून १,३८३ जवान मारले गेले, १,६९६ बेपत्ता, जवळजवळ चार हजार कैदी. या आकड्यांतला बेपत्ता हा शब्द मला सगळ्यात जड वाटतो. यातल्या किती जणांच्या घरी वाट बघणं कधी संपलंच नसेल.

मुलुंड_पूर्व | मंगळवार, सकाळी ९:१५

यात मुंबईचा भाग येतो तो कुणीतरी लिहायला हवा, मी लिहितो.

तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन आपल्या उत्तर मुंबईचे खासदार होते. फेब्रुवारी १९६२ ची निवडणूक, समोर आचार्य कृपलानी. चीनच्या प्रश्नावर कृपलानी तेव्हाच रान उठवत होते. तरी मुंबईनं मेनन यांना मोठ्या मताधिक्यानं निवडून दिलं. म्हणजे आठ महिन्यांनी जे झालं त्यावर आधी मत द्यायची संधी ज्या मोजक्या मतदारांना मिळाली, त्यात आपल्या आईवडिलांची पिढी होती. माझे वडील त्या निवडणुकीत मेनन यांच्या प्रचाराला फिरले होते. नोव्हेंबरनंतर त्या विषयावर ते घरात कधी बोलले नाहीत.

आणि मेनन यांच्या जागी गेले ते आपले मुख्यमंत्री. यशवंतराव मुंबईहून निघाले आणि ज्या दिवशी युद्धविराम झाला त्याच २१ नोव्हेंबरला त्यांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. पण धावून गेल्यावर सह्याद्रीनं केलं काय, ते कुणी सांगत नाही. सैन्य सव्वाआठ लाखांपर्यंत वाढवायचं ठरलं. त्यात दहा डिव्हिजनी खास डोंगरासाठी, कमी गाड्या, हलक्या तोफा, खेचरं, पायी चालणारी माणसं. पराभवाची हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या अधिकाऱ्यांनी केलेली चौकशी त्यांच्याच काळात झाली. २ सप्टेंबर १९६३ ला संसदेत उभं राहून त्यांनी तिचा सारांश सांगितला : प्रशिक्षण कमी पडलं, साधनं कमी पडली, हुकमाची साखळी बिघडली, उंचीवर लढायची शारीरिक तयारी नव्हती. अहवाल मात्र सरकारनं अजून पूर्ण खुला केलेला नाही. २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकारानं त्यातला काही भाग बाहेर आणला तेवढाच. साठ वर्षं उलटली. तो आता खुला व्हावा असं मला मनापासून वाटतं. ज्यांची माणसं गेली त्यांचा तो हक्क आहे.

प्रश्नचिन्ह | मंगळवार, सकाळी ९:५०

अहवालाबद्दल +१.

माणेकशा याच कोअरला आले होते ना? आणि एवढा मार खाल्लेलं मुख्यालय पुन्हा उभं कसं राहिलं?

शिवडीकर | मंगळवार, रात्री ११:१०

हो, याच कोअरला. वर्ष संपायच्या आत माणेकशा तेजपूरला रुजू झाले. त्याआधी काही महिने त्यांच्यावरच चौकशी चालू होती, वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात असताना. त्यातून ते निर्दोष सुटले होते. तेजपूरला आल्या आल्या त्यांनी बजावलं, की लेखी हुकमाशिवाय माघार नाही आणि तसा हुकूम कधीच निघणार नाही. हे वाक्य सगळीकडे शौर्याचं म्हणून सांगितलं जातं. १७ नोव्हेंबरची रात्र माहीत असली की त्याचा दुसरा अर्थ लागतो. तुम्हाला काय करायचंय ते मी स्पष्ट सांगेन, फोनवर घोळ घालणार नाही, जबाबदारी माझी, असं तो माणूस हाताखालच्यांना सांगत होता. त्यांना नेमकं तेच हवं होतं.

मग रस्ते. सरहद्दीवरच्या रस्त्यांसाठी सीमा सडक संघटना १९६० मध्येच निघाली होती, पण ६२ ला तवांगपर्यंतची वाट धड ट्रक जाण्याजोगी नव्हती. पुढची काही वर्षं हेच काम. रस्ता, पूल, गोदाम, तार. बातमीत येत नाही असं काम.

आणि १९७१. चौथ्या कोअरचं मुख्यालय तेजपूरहून खाली त्रिपुरात तेलियामुऱ्याला आलं. कमांडर लेफ्टनंट जनरल सगत सिंग. हे १९६१ मध्ये गोव्यात शिरलेल्या ५० पॅरा ब्रिगेडचे कमांडर. सांगशाकला लढली तीच ब्रिगेड. १९६५ मध्ये सिक्कीममध्ये शेजारची जेलेप ला रिकामी झाली तेव्हा सगत यांनी नथू ला सोडली नाही. दोन वर्षांनी सप्टेंबर १९६७ मध्ये तिथेच चिन्यांशी तोफांनी गाठ पडली तेव्हा खिंड आपल्या हातात होती ती त्यामुळे.

७१ ला त्यांच्याकडे तीन डिव्हिजनी होत्या, ८, २३ आणि ५७. तिन्ही माउंटन डिव्हिजनी, ६२ नंतरच्या नव्या घडणीच्या. डोंगरासाठी घडलेलं सैन्य नद्यांच्या चिखलात उतरवलं. काम दिलं होतं मेघना नदीपर्यंत जायचं. ढाका त्यांच्या वाट्याला नव्हतंच. ९ डिसेंबरला आशुगंजचा रेल्वेपूल पाकिस्तान्यांनी उडवला. मेघना तिथे अवाढव्य. सगत यांनी पुलाची वाट पाहिली नाही. ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांची डझनभर एमआय-४ हेलिकॉप्टरं होती. त्यांतून त्याच दिवशी ब्राह्मणबारियाहून ४ गार्ड्सची माणसं पलीकडे रायपुऱ्याला उतरवायला सुरुवात केली. रात्रीसुद्धा. बाकीचे गावकऱ्यांच्या होड्यांतून. तिथून नरसिंगदी, तिथून ढाक्याची वेस.

नऊ वर्षांचं अंतर. तेच नाव, तेच तेजपूर. ६२ ला दोन वरिष्ठ बाजूला बसलेले असताना एक हुकूम निघेना. ७१ ला कमांडर स्वतः रोज हेलिकॉप्टरमधून पुढे जाऊन बघायचा आणि उभ्या उभ्या ठरवायचा. हे मी वाचलं तेव्हा लोकल कुर्ल्याला थांबली होती. उतरायचं होतं शिवडीला, भान आलं तेव्हा गाडी डॉकयार्डला होती.

नकाशावाला | बुधवार, सकाळी ८:२०

एक भर. ७१ ला हिवाळा निवडला त्यालाही ६२ ची सावली आहे. डिसेंबरमध्ये हिमालयातल्या खिंडी बर्फानं भरतात, म्हणून चीनच्या बाजूनं हालचालीची शक्यता कमी धरली आणि डोंगरावरचं काही सैन्य खाली आणता आलं. ६२ ला त्याच बर्फाच्या भीतीनं घाई केली होती.

निवृत्त_सिग्नल | बुधवार, रात्री ९:३५

मी १९८६ ला तिथे होतो, म्हणून थोडं लिहितो.

सुमदोराँग चूचं नाव इथे फार जणांनी ऐकलं नसेल. नामका चूच्या शेजारचीच दरी. ८६ च्या उन्हाळ्यात चिनी तिथे येऊन बसले, आपल्या हंगामी चौकीच्या जागेवर. जनरल सुंदरजी तेव्हा लष्करप्रमुख. ऑक्टोबरमध्ये झिमिथांगला हेलिकॉप्टरनी ब्रिगेड उतरवली आणि आजूबाजूच्या धारा धरल्या. ६२ ला आपण नदीच्या पात्रात बसलो होतो आणि ते वर. या वेळी वर आपण होतो. फरक एवढाच, पण तो जाणवायला चोवीस वर्षं लागली. गोळी चालली नाही. पुढे बोलणी झाली, १९९३ चा करार झाला, ९५ ला दोन्हीकडच्या चौक्या मागे गेल्या.

माझं काम लाइन चालू ठेवायचं. धारेवरून खाली मुख्यालयापर्यंत टेलिफोनची तार. वाऱ्यानं तुटायची, बर्फाच्या वजनानं तुटायची. रात्री दोन वाजता जोडीदाराला घेऊन तार हातात धरून चालत जायचं, तुटल्याची जागा हाताला लागेपर्यंत. हातमोजा काढल्याशिवाय जोड बसत नाही. उघड्या बोटांना दोन-तीन मिनिटं मिळतात. डाव्या हाताची दोन टोकं मी तिथे ठेवून आलो.

आमचे सुभेदारसाहेब एकच सांगायचे, लाइन गेली की वरचा माणूस एकटा पडतो. तेव्हा मला ते नुसतं कामाचं वाटायचं. शिवडीकरांनी १७ नोव्हेंबरचं लिहिलं ते परवा रात्री दोनदा वाचलं. त्या रात्री फोन चालू होता.

सह्यभटक्या | गुरुवार, दुपारी १२:४०

अप्रतिम धागा. गेल्या एप्रिलमध्ये गोरेगावच्या आमच्या सहा जणांच्या चमूनं तेजपूर ते तवांग केलं. तेव्हा हे सगळं माहीत असायला हवं होतं.

भालुकपाँगला परवाना तपासतात, मग टेंगा, बोमडिला, दिरांग. जाताना आम्ही मुद्दाम जुन्या रस्त्यानं सेलावर चढलो. खाली बोगदा झालाय, मार्च २०२४ मध्ये उघडला, साधारण १३ हजार फुटांवर. आता हिवाळ्यात बर्फानं वाट बंद व्हायची भीती राहिली नाही. खिंडीत पोचल्यावर माझं डोकं असं दुखायला लागलं की पाच पावलं टाकून बसलो. तिथे बंदूक घेऊन लढायचं, ही कल्पनाच करवेना. पुढे जसवंतगडला, म्हणजे जसवंत सिंग यांच्या स्मारकापाशी, जवान येणाऱ्याजाणाऱ्याला चहा देतात, पैसे घेत नाहीत. तवांगच्या स्मारकात कामेंग आघाडीवरच्या, म्हणजे नेफाच्या या पश्चिम भागातल्या, २,४२० जणांची नावं कोरलीत. पलटणीनुसार. आम्ही वाचायला लागलो आणि पहिल्या फलकाच्या पुढे जाता आलं नाही.

येत्या मार्चमध्ये पुन्हा जातोय. झिमिथांगपर्यंत जायचा विचार आहे.

चाफेकळी | गुरुवार, रात्री १०:१५

सह्यभटक्या, एक विनंती करू का? आजीच्या विणायच्या सुया माझ्याकडे आहेत, त्यांनीच मी आता विणते. ५० हातमोजे मार्चपर्यंत होतील. जसवंतगडला तिथल्या जवानांना देता येतील का, की अशा वस्तू ते घेत नाहीत? निवृत्त_सिग्नल काका, तुम्हीही सांगा. आणि लोकर कुठली घेऊ?

निवृत्त_सिग्नल | शुक्रवार, सकाळी ५:५५

ताई, घेतात. आधी तिथल्या साहेबांना विचारून द्यायचे. लोकर शुद्ध घ्या, मिश्र नको, शुद्ध लोकर ओली झाली तरी बरीच ऊब टिकवते. अंगठा आणि पहिलं बोट यांचं टोक दुमडून मागे टाकता येईल असं विणा, म्हणजे जोड बसवताना मोजा काढावा लागत नाही. मी आकृती काढून सह्यभटक्यांना पाठवतो.